जळणाचा हिशेब

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, उत्तरेस उरणपासून दक्षिणेस श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, वैशाख सरत आला की घरोघर आगोटीची धांदल उडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी आधीच करून ठेवावी लागते. मीठ, मसाला, कांदे, सुकी मासळी यांच्या जोडीला आणखी एका वस्तूची साठवण फार पूर्वीपासून होत आली आहे. ती वस्तू म्हणजे जळण. डोंगरातून आणलेला लाकूडफाटा, वाडीतील नारळाची वाळलेली चुडते, सोडणे आणि करवंट्या, किनाऱ्यावरील सुरूच्या वाळक्या फांद्या, हे सर्व पडवीत किंवा खोपीत रचून ठेवायचे, ही येथील जुनी रीत. आता बहुतेक घरांत गॅसची शेगडी आली आहे. तरीही पुष्कळ घरी मागील दारी चूल पेटते आणि न्हाणीपाशी तांब्याचा बंब धुमसत असतो.

कोणते जळण कसे जळते, हे या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक असते. चुडते भडकन पेटतात व लवकर विझतात, सोडणे सावकाश धुमसत राहतात, करवंटीचा जाळ मोठा कडक असतो, आणि ओले लाकूड डोळ्यांतून पाणी काढते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु अनुभव ‘अमुक जळण बरे’ एवढेच सांगतो. ‘किती बरे’ हे सांगत नाही. एक किलो लाकडातून उष्णता निघते ती किती? एक किलो गॅसमधून किती? आणि त्यांपैकी प्रत्यक्ष भाताच्या पातेल्यापर्यंत पोहोचते ती किती? या प्रश्नांची उत्तरे हवी असतील, तर उष्णतेचे माप करता आले पाहिजे.

प्रथम एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. तापमान आणि उष्णता या एकच गोष्टी नव्हेत. पेटलेल्या काडीची ज्योत इतकी तप्त असते की तिला बोट लावण्याची कोणाची छाती होत नाही. पण तिच्यावर वाटीभर पाणीही तापत नाही. उलट बंबातील पाणी नुसते कोमट असले, तरी ते तेवढे तापवण्यासाठी कितीतरी जळण खर्ची पडलेले असते. वस्तू किती तापलेली आहे हे तापमान सांगते. तिला तेवढे तापवण्यासाठी काय खर्च झाले हे उष्णता सांगते. तापमान तापमापीवर वाचता येते. उष्णता मात्र डोळ्यांना दिसत नाही, हाताने उचलता येत नाही आणि तराजूत घालता येत नाही. मग ती मोजावी कशी?

या कामी शास्त्रज्ञांनी पाण्याचाच तराजू केला. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तिला त्यांनी एक कॅलरी म्हटले. एक किलो पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास हजार कॅलरी, म्हणजे एक किलोकॅलरी लागते. आजकाल विज्ञानाच्या ग्रंथांत ज्यूल हे एकक अधिक वापरतात. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ किलोज्यूल. परंतु कॅलरीची व्याख्याच पाण्यावर बसवलेली असल्यामुळे घरगुती हिशेबाला तीच सोयीची पडते. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो भरते. म्हणून पाण्याचे लिटर आणि वाढलेले अंश यांचा गुणाकार केला, की पाण्याने किती किलोकॅलरी उष्णता घेतली ते तत्काळ कळते.

समजा, बंबात २० लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवायचे आहे. तापमानातील वाढ ४० अंशांची. २० गुणिले ४० म्हणजे ८००. त्या पाण्याने ८०० किलोकॅलरी उष्णता घेतली. इतके हे गणित सोपे आहे.

आता हीच रीत उलट दिशेने वापरली, की इंधनाची उष्णता मोजता येते. ठराविक वजनाचे इंधन जाळावे, त्याच्या उष्णतेने ठराविक वजनाचे पाणी तापवावे, आणि पाणी किती अंशांनी तापले ते पाहावे. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग खोबरेलाच्या पणतीवर करून पाहता येतो. तेलवातीसह पणतीचे वजन करून ठेवावे. पातळ पत्र्याच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी घ्यावे, त्याचे तापमान टिपून घ्यावे, आणि डबा पेटत्या पणतीवर धरावा. काही वेळाने पणती विझवून तिचे वजन पुन्हा करावे. समजा, वजनात एक ग्रॅमची घट आली आणि पाणी ३० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापले. २०० ग्रॅम गुणिले २० अंश म्हणजे ४,००० कॅलरी, अर्थात ४ किलोकॅलरी. तेव्हा एक ग्रॅम खोबरेलातून निदान ४ किलोकॅलरी उष्णता निघाली, असे ठरले.

या विधानात ‘निदान’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेत काळजीपूर्वक मोजले, तर एक ग्रॅम खोबरेलातून सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता निघते. मग उरलेली ५ किलोकॅलरी कोठे गेली? ती नाहीशी झाली नाही. काही भागाने पणती तापली, काही भागाने डबा तापला, आणि बराचसा भाग ज्योतीच्या कडेने वर उठणाऱ्या गरम हवेबरोबर निघून गेला. पाण्याच्या तराजूत पडलेली तेवढीच उष्णता मोजली गेली. तराजूबाहेर सांडलेली मोजायची राहून गेली.

उष्णता सांडू नये यासाठी काय करावे, याची एक युक्ती किनाऱ्यावरील बंबातच दडलेली आहे. बंबाच्या मधोमध एक नळकांडे असते. जळण त्या नळकांड्यात जळते आणि पाणी त्याच्या चोहो बाजूंनी भरलेले असते. आग पाण्याच्या कुशीत असल्यामुळे तिची उष्णता बाहेर जाण्यापूर्वी पाण्याला भेटते. उघड्या चुलीवरच्या हंड्याला जाळ केवळ बुडाशी लागतो. म्हणून सारख्याच जळणात बंबातील पाणी हंड्यातील पाण्यापेक्षा अधिक तापते. तरीही बंबाचे तोंड वरून उघडे असते, आणि तेथून गरम धूर निघून जातच असतो. ते तोंडही बंद केले तर? पण तोंड बंद केले की हवा मिळत नाही, आणि हवेवाचून आग विझते.

ही अडचण ज्यांनी सोडवली, त्यांची परंपरा दोन शतकांहून अधिक जुनी आहे. फ्रान्समध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि प्येर लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेले एक पात्र तयार केले. आतील वस्तूच्या उष्णतेने बर्फ वितळे, आणि वितळलेल्या पाण्याचे वजन करून ते उष्णतेचा हिशेब काढीत. एक किलो बर्फ वितळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. आत कधी कोळसा जाळून, तर कधी एक जिवंत गिनीपिग ठेवून त्यांनी मोजमापे केली, आणि श्वसन हेही एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्सेलँ बर्तेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पोलादाचे एक भक्कम, बंद पात्र उपयोगात आणले. त्यात इंधनाबरोबरच दाबाने ऑक्सिजन भरलेला असे. त्यामुळे तोंड बंद असूनही आग विझत नसे. सारे पात्र पाण्यात बुडवून ठेवायचे, विजेच्या तारेने आतील इंधन पेटवायचे, आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहायचे. या उपकरणाला उष्मामापी म्हणतात. सुधारलेल्या स्वरूपात ते आजही जगभर वापरले जाते. थोडक्यात, उष्मामापी म्हणजे धुराला वाटच न ठेवलेला बंब होय.

त्यातील गणित असे असते. समजा, उष्मामापीत २ किलो पाणी आहे, आणि त्याचे पोलादी पात्र तापण्यास अर्धा किलो पाण्याइतकीच उष्णता लागते. पात्रही पाण्याबरोबर तापत असल्यामुळे हिशेबात एकूण अडीच किलो पाणी धरले पाहिजे. आत एक ग्रॅम लोणारी कोळसा जाळला, आणि तापमान २.८ अंशांनी वाढले. २.५ गुणिले २.८ म्हणजे ७. एका ग्रॅमला ७ किलोकॅलरी, म्हणजे एका किलोला ७,०००. एक किलो इंधन पूर्णपणे जळाले असता जेवढी उष्णता बाहेर पडते, तिला त्या इंधनाचे उष्णतामूल्य म्हणतात.

अशा रीतीने निरनिराळ्या इंधनांची उष्णतामूल्ये ठरवलेली आहेत. चांगल्या वाळलेल्या लाकडाचे उष्णतामूल्य किलोस सुमारे ४,००० किलोकॅलरी असते, आणि वाळलेल्या सोडणाचेही जवळपास तेवढेच. लोणारी कोळशाचे सुमारे ७,०००, रॉकेलचे १०,००० हून थोडे अधिक, आणि सिलिंडरमधून येणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचे सुमारे ११,००० असते. मिथेन या वायूचे सुमारे १२,००० भरते. सर्वांवर ताण म्हणजे हायड्रोजन. त्याचे उष्णतामूल्य २८,००० च्याही वर जाते. अग्निबाणांच्या काही इंजिनांत द्रवरूप हायड्रोजन जाळतात, त्याचे एक कारण हेच.

यांतील मिथेनचा रायगडच्या किनाऱ्याशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली, १९७४ साली खनिज तेलाचा मोठा साठा सापडला. त्यालाच ‘बॉम्बे हाय’ म्हणत. आता ‘मुंबई हाय’ म्हणतात. तेथे १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही निघतो. समुद्राच्या तळावरून टाकलेल्या नळांतून तो उरण येथे किनाऱ्याला लागतो. उरणच्या प्रकल्पात त्याचे घटक वेगळे केले जातात. त्यांपैकी प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून सिलिंडरमध्ये भरले की तो स्वयंपाकाचा गॅस होतो. उरलेल्या वायूत मुख्यतः मिथेन असतो. अलिबागजवळ थळ येथे १९८५ साली सुरू झालेल्या कारखान्यात या वायूपासून युरिया हे खतही तयार करतात. एकच वायू कोठे भात शिजवतो, तर कोठे भाताला पोसतो.

मिथेन जळताना उष्णता येते तरी कोठून? येथे सावकाराच्या वहीतील येण्या-देण्याचा दृष्टांत उपयोगी पडेल. मिथेनच्या प्रत्येक रेणूत कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू एकमेकांना बांधलेले असतात. ऑक्सिजनचे अणूही जोडीजोडीने बांधलेले असतात. ज्वलन व्हायचे तर हे जुने बंध प्रथम तुटले पाहिजेत, आणि ते तोडण्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. हे झाले देणे. गॅस पेटवताना काडी किंवा ठिणगी लागते ती याचसाठी; एकदा आग लागली, की पुढचा खर्च ती स्वतःच भागवते. बंध तुटल्यावर अणूंची नवी जुळणी होते. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड बनतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी बनते. नवे बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. हे झाले येणे.

१६ ग्रॅम मिथेन घेतला तर तो ६४ ग्रॅम ऑक्सिजनशी संयोग पावून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी तयार होते. दोन्ही बाजूंचे वजन ८० ग्रॅमच भरते. ज्वलनात द्रव्य नाहीसे होत नाही, केवळ त्याची मांडणी बदलते. या प्रमाणात जुने बंध तोडण्याचा खर्च सुमारे ६३५ किलोकॅलरी येतो, आणि नवे बंध जुळताना सुमारे ८२७ किलोकॅलरी परत मिळतात. वजाबाकी केली की शिल्लक राहते १९२ किलोकॅलरी. हीच १६ ग्रॅम मिथेनची उष्णता. एका किलोचा हिशेब केला, तर ती १२,००० होते. येणे हे देण्याहून अधिक असते, म्हणूनच इंधन हे इंधन ठरते.

या हिशेबात ज्वलनातून झालेले पाणी वाफेच्या रूपाने निघून गेले, असे धरले आहे. ती वाफ थंड करून तिचे पाणी केले, तर तिच्यात लपलेली आणखी २१ किलोकॅलरी उष्णता हाती येते, आणि १९२ चे २१३ होतात. म्हणजे किलोस सुमारे १३,३०० किलोकॅलरी. म्हणूनच उष्णतामूल्याचे दोन आकडे सांगण्याची प्रथा आहे: एक वाफेची उष्णता धरून, दुसरा ती सोडून. चुलीवर आणि शेगडीवर वाफ निघूनच जाते. तेव्हा घरगुती हिशेबाला दुसरा, लहान आकडाच खरा.

वाफ किती उष्णता घेऊन जाते, हे ओल्या लाकडावरून चांगले कळते. एक किलो ओल्या लाकडात ४०० ग्रॅम पाणी असेल, तर जळण्याजोगे लाकूड ६०० ग्रॅमच उरते. त्यातून फार तर २,४०० किलोकॅलरी निघतील. पण आतील पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास किलोस ७०, आणि त्याची वाफ करण्यास आणखी ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ४०० ग्रॅम पाण्यामागे सुमारे २४४ किलोकॅलरी खर्ची पडतात. हाती राहतात जेमतेम २,१५०. वाळलेल्या लाकडाच्या मानाने ही उष्णता निम्म्याहून थोडीच अधिक होय. आगोटीपूर्वी जळण उन्हात वाळवून पडवीत रचण्याची रीत ज्या पूर्वजांनी घातली, त्यांनी हे गणित कागदावर मांडले नव्हते. परंतु त्याचे उत्तर त्यांना अचूक ठाऊक होते.

हवा अपुरी पडली तर आणखी एक नुकसान होते, आणि ते जिवावर बेतणारे असते. १२ ग्रॅम कार्बन पूर्णपणे जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तर ९४ किलोकॅलरी उष्णता निघते. परंतु पुरेशी हवा मिळाली नाही, तर ज्वलन अर्ध्या वाटेवरच थांबून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू बनतो. त्या वेळी केवळ २६ किलोकॅलरी हाती लागतात. हाच वायू पुढे पुरती हवा मिळून जळाला, तर उरलेल्या ६८ किलोकॅलरी देतो. २६ आणि ६८ मिळून ९४ च होतात. कार्बन एका टप्प्यात जळो की दोन टप्प्यांत, एकूण उष्णता तितकीच भरते. हा नियम हेस या शास्त्रज्ञाने १८४० साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे मांडला. त्याच्या आधारे, प्रत्यक्ष प्रयोग करणे अवघड असेल तेथेही नुसत्या बेरीज-वजाबाकीने उष्णता काढता येते.

अर्ध्या वाटेवर थांबलेले ज्वलन अशा रीतीने दोन-तृतीयांशांहून अधिक उष्णता बुडवते. एवढेच असते तर ते केवळ जळणाचे नुकसान ठरले असते. पण कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे. त्याला रंग नाही आणि वास नाही. तो श्वासावाटे शरीरात गेला की रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती हरण करतो. थंडीच्या रात्री दारेखिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे सकाळी मृत आढळल्याच्या घटना म्हणूनच घडतात. धुराचा लोट दिसला की माणूस सावध होतो. हा वायू मात्र सावध होऊ देत नाही. निखारे फुललेले असोत वा राखेखाली झाकलेले असोत, बंद खोलीत ते कधीही ठेवू नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. इंधन किती उष्णता देते, हे कळले. त्यांपैकी भाताच्या पातेल्याला किती मिळते? समजा, ५ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत आणायचे आहे. ५ गुणिले ७० म्हणजे ३५० किलोकॅलरी. एका किलोतून ४,००० किलोकॅलरी देणाऱ्या लाकडाच्या ८८ ग्रॅमांत, म्हणजे मूठभर काटक्यांत, हे काम व्हायला हवे. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर ते कधीच होत नाही. अशा चुलीत शंभर भाग उष्णतेतील सुमारे दहा भागच पातेल्याला मिळतात. बाकीचे नव्वद दगडांत, वाऱ्यात आणि धुरात जातात. म्हणून प्रत्यक्षात ८७५ ग्रॅम लाकूड जाळावे लागते. चूल नीट बांधून, तिला जाळी आणि धुराडे बसवून शंभरातील पंचवीस भाग पातेल्याला पोहोचवले, तर तेच काम ३५० ग्रॅम लाकडात होते.

स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब असाच करता येतो. घरगुती गॅसच्या शेगडीने शंभरातील निदान ६८ भाग उष्णता भांड्याला द्यावी, असा आपल्या देशातील मानक संस्थेचा दंडक आहे. त्या मानाने ३५० किलोकॅलरीसाठी सुमारे ४७ ग्रॅम गॅस पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. १४.२ गुणिले ११,००० म्हणजे १,५६,२०० किलोकॅलरी. त्यातील शंभरांश ६८ धरले, तर १,०६,००० किलोकॅलरीहून थोडी अधिक उष्णता भांड्याला मिळते. उघड्या चुलीवर तेवढीच उष्णता मिळवायची, तर एका किलो लाकडातून पातेल्याला ४०० किलोकॅलरीच मिळत असल्यामुळे २६५ किलो लाकूड लागेल. एका मोळीत २० किलो लाकूड मावते असे धरले, तर त्या झाल्या तेरा मोळ्या.

तेरा मोळ्या हा केवळ आकडा नव्हे. भल्या पहाटे डोंगर चढायचा, वाळकी लाकडे वेचायची, मोळी बांधायची, आणि ती डोक्यावर घेऊन उन्हातून उतरायचे. असे तेरा वेळा. हे श्रम बहुधा घरातील आईला, आजीला किंवा शाळा चुकवून थोरल्या बहिणीला करावे लागतात. शिवाय त्या तेरा मोळ्यांतील जवळजवळ बारा मोळ्यांची उष्णता पातेल्याला मिळत नाही. तिच्यासाठी डोंगरावरील झाड तुटते, आणि तिच्याबरोबर उठणारा धूर त्याच आईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. उष्णतेचा हिशेब ज्याला करता येतो, त्याला धुरातून वाया जाणारे हे श्रम दिसू लागतात. गॅस असो वा नसो, चूल सुधारणे, जळण वाळवून वापरणे, पातेल्यावर झाकण ठेवणे आणि उकळी आल्यावर जाळ मंद करणे, ही कामे कोणत्याही घरात करता येण्याजोगी आहेत.

जो हिशेब चुलीला, तोच मोठ्या कारखान्याला. उरण येथे १९८२ साली नैसर्गिक वायूवर वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले, आणि पुढे त्याची वाढ करण्यात आली. तेथे वायू जाळून त्याच्या झोताने गॅस टर्बाइन नावाची चक्रे फिरवतात. परंतु चक्र फिरवून बाहेर पडणारा वायूही अतिशय तप्त असतो. पूर्वी तो तसाच आकाशात सोडला जाई. उघड्या चुलीच्या धुराचीच ही मोठी आवृत्ती म्हणावयाची. नंतर त्याच्या वाटेत पाण्याचे बाष्पपात्र बसवण्यात आले. निघून जाणाऱ्या उष्णतेवर तेथे वाफ तयार होते, आणि त्या वाफेवर आणखी जनित्रे चालतात. प्रत्येकी १०८ मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइनांच्या जोडीला प्रत्येकी १२० मेगावॉटची दोन वाफेची जनित्रे बसवण्यात आली. म्हणजे ४३२ मेगावॉटच्या क्षमतेत २४० मेगावॉटची भर पडली, आणि या वाढीव विजेसाठी वेगळे इंधन जाळावे लागले नाही. बंबाने लहान प्रमाणात जे साधले होते, तेच येथे मोठ्या प्रमाणात साधले गेले.

समुद्राच्या तळाखालील वायू काय किंवा डोंगरावरील लाकूड काय, इंधन देताना हात आखडता घेत नाही. एका किलोतून जेवढी उष्णता द्यावयाची, तेवढी ते देतेच. घेणाऱ्याच्या पदरात मात्र त्यातील किती पडावी, हे घेणाऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून असते. लाकूड तोडल्यावर नवे झाड वाढण्यास वर्षे लागतात, आणि समुद्राखालचा वायू तर पुन्हा भरून यायचा नाही. अशा वेळी जळणाचा साठा किती मोठा आहे, यापेक्षा त्यातील किती उष्णता कामी आली, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधण्यास एक तापमापी, एक तराजू, मोजून घेतलेले पाणी आणि गुणाकार-भागाकार एवढीच सामग्री पुरते.